चवीची सातवी वही

जबाब, दिनांक १९ मार्च २०२४

नाव : श्रीमती लतिका बाळकृष्ण फाटक, वय ५७ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षिका (गणित व विज्ञान), रा. कासार आळी, पेण, जि. रायगड.

मी स्वतः पोलीस ठाण्यात आले असून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मला मूलबाळ नाही. माझे पती बाळकृष्ण विनायक फाटक हे दि. १४ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, रोह्याजवळील कातळधार ब्रुअरी येथे बिअरच्या टाकीत मयत झाले. ब्रुअरीचे मालक श्री. हैबतराव वाळंज यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, दि. १७ मार्च २०२४ रोजी मी त्यांच्या कार्यक्रमातून ब्रुअरीची एक वही चोरून नेली. तो अर्ज मला वाचून दाखवण्यात आला.

वही माझ्याकडे आहे. मी ती सोबत आणली आहे.

माझे पती पूर्वी धाटाव येथे एका कंपनीत केमिस्ट होते. सन २०१६ मध्ये ती नोकरी सुटल्यावर वाळंज यांनी त्यांना नव्या ब्रुअरीत बोलावले. तिथे ते काळी बिअर बनवत असत. त्यासाठी धान्य भाजावे लागते. त्यांनी गागोद्याच्या एका शेतकऱ्याकडून लाल तांदूळ आणून तोही कढईत भाजून घालायला सुरुवात केली. ही माहिती मला त्यांच्या मृत्यूनंतर झाली. ते हयात असताना मी त्यांना कामाबद्दल काही विचारत नसे. आळीत कोणी विचारले तर ते धान्य भाजण्याच्या कारखान्यात आहेत, असे मी सांगत असे.

ते रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जात व संध्याकाळी परत येत. त्यांच्या अंगाला बिअरचा वास येत असे. त्यांना सन २०१४ मध्ये मोठी कावीळ झाली होती व डॉक्टरांनी दारूचा थेंबही घ्यायचा नाही असे सांगितले होते. म्हणून मला त्या वासाचा राग होता. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्यांना बोलले. ते म्हणाले, "मी गिळत नाही गं. चव बघतो आणि थुंकतो." मी म्हणाले, "तोंडात घेतली म्हणजे झालंच की." त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. त्या वर्षापासून गणपतीच्या पूजेला त्यांच्याऐवजी माझ्या दिरांचा मुलगा बसू लागला. ते बाहेरच्या खोलीत बसून मोदकांसाठी नारळ खवत. सात वर्षे असे चालले.

दर सोमवारी ते माझ्याकडून डबाभर पातळ पोहे, न भाजलेले, मागून नेत. कशाला लागतात हेही मी विचारले नाही.

दि. १४ मार्च २०२३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास मला फोन आला. मी व दीर रोह्याला रुग्णालयात गेलो. त्यांचे कपडे भिजलेले होते व त्यांना बिअरचा उग्र वास येत होता. दुसऱ्या दिवशी माझा जबाब घेण्यात आला. पती दारू पीत होते का, असे मला विचारले. मी "कामावर रोज प्यायचे" असे सांगितले. ते लिहून घेतले गेले व मी सही केली.

मी नंतर अर्ज करून कागदपत्रांच्या नकला घेतल्या. त्यात वाळंज यांचा दि. १५ मार्च २०२३ चा जबाब आहे. त्यात त्यांनी म्हटले आहे की, मयत हे कामाचा भाग म्हणून रोज बिअर पीत असत, त्या दिवशी सकाळपासून पीत होते आणि नशेत, कोणालाही न सांगता, टाकी क्रमांक तीनमध्ये उतरले. त्या जबाबाला आधार म्हणून माझाच जबाब जोडलेला आहे. रासायनिक तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे असे मला समजले.

जून २०२३ मध्ये मी पतींचे कपाट रिकामे केले. शर्टांच्या खाली सहा वह्या सापडल्या. शंभर पानी, पुठ्ठ्याच्या, पेणच्या बाजारातून घेतलेल्या. प्रत्येकीवर "बा. वि. फाटक, पेण. चव" असे लिहून वर क्रमांक घातला होता, एक ते सहा. सहावी डिसेंबर २०२२ ला संपत होती. ते मार्चपर्यंत कामावर होते. म्हणजे सातवी वही असली पाहिजे हे माझ्या लक्षात आले.

वहीत काय असते असे विचारल्यावरून सांगते की, प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि टाकीचा क्रमांक आहे. पुढे गुणांचे रकाने आहेत : रंग १०, फेस ५, वास १०, चव १५, शेवट १०, एकूण ५०. शेवट म्हणजे घोट तोंडातून गेल्यावर जी चव मागे राहते ती. त्यापुढे दोन रकाने "घेतले" आणि "थुंकले" असे असून त्यात मिलिलिटरचे आकडे आहेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले आहे : "डॉक्टरांनी एक थेंबही नको सांगितले आहे. म्हणून दर वेळी मोजणे." खाली कृती आहे. काचेचा ग्लास. बिअर फार गार नको, माठातल्या पाण्याइतकी. आधी वास. मग तीस मिलिलिटर तोंडात, दहा आकडे मोजणे, थुंकणे. कोरडे पोहे चावणे, पाणी, पाच मिनिटे थांबणे. मग पुढचा नमुना, फिक्याकडून काळ्याकडे.

"थुंकले" चा आकडा "घेतले" पेक्षा सगळीकडे जास्त होता. शंभराला एकशे सात, एकशे आठ. मला वाटले आकडे खोटे आहेत. मी विज्ञान शिकवलेले आहे, म्हणून करून पाहायचे ठरवले.

ब्रुअरीतील कामगार श्री. काळुराम म्हात्रे, रा. कासू, हे पतींच्या हाताखाली होते. मी जुलै महिन्यात कासूला त्यांच्या घरी गेले. मी दारातच बिअर मागितली. त्यांची बायको आतून म्हणाली, "अवो, बाईंना पानी तरी इचारा आधी." नंतर ते दर महिन्याला दोन-तीन बाटल्या कापडी पिशवीतून पेणला आणून देत. शेजारच्या चंद्रावतीबाईंनी एकदा पिशवीत काय आहे असे विचारले. मी बिअर आहे असे सांगितले.

मी वहीतल्या कृतीप्रमाणे चव घेतली व मापाच्या नळीत थुंकून मोजले. शंभर घेतले की एकशे सहा ते एकशे नऊ येते. लाळेची भर पडते. एक घोट जरी गिळला तरी आकडा लगेच शंभराच्या खाली येतो. तेही मी पाण्यावर करून पाहिले. सहा वह्यांत मिळून दोन हजार एकशे बारा नोंदी आहेत. एकाही नोंदीत आकडा खाली आलेला नाही.

काळुराम यांनी मला जे सांगितले ते असे. "साहेब कवा गिलले नाय बाई. आमी त्यांना हसायचो. म्हनायचो, साहेब, तुमी म्हंजे लग्नात पंगत वाढनार नि घरी जाऊन पेज पिनार. ते पन हसायचे." मग मी घटनेबद्दल विचारले. ते म्हणाले की, बिअर काढून घेतली की रिकाम्या टाकीत वायू साचून राहतो. तो दिसत नाही व त्याला वास नाही. म्हणून आत उतरण्याआधी पंखा लावून टाकी तासभर हवेशीर करायची आणि वर एका माणसाने दोरी धरून उभे राहायचे, अशी तिथली पद्धत होती. पंखा महिनाभर बंद होता. त्या दिवशी दोरी काळुराम यांनी धरली होती. पती उतरत असतानाच वाळंज यांनी काळुराम यांना हाक मारून रिकाम्या बाटल्यांची गाडी खाली करायला पाठवले. "मी म्हनलं, साहेब आत हाय. तर म्हनाले, दोरी खांबाला बांध नि ये, दोन मिनटांचं काम हाय." ते चाळीस मिनिटांनी परत आले. पती तळाच्या गाळात पडलेले होते. कपड्यांना वास त्या गाळाचा होता.

हे तेव्हा का सांगितले नाही असे मी विचारले. ते म्हणाले, "कुनी इचारलं नाय. नि मी पन सांगितलं नाय. घरात कमवनारा मी एकटा." मी त्यांना दोष दिला नाही. मला तर विचारले होते. काळुराम यांनी जानेवारीत ती नोकरी सोडली असून ते आज माझ्यासोबत आले आहेत व बाहेर बसले आहेत.

सातव्या वहीबद्दल मी वाळंज यांना ऑगस्टमध्ये फोन केला. ते म्हणाले, "वही-बिही काय नाय वहिनी. असती तर तुमच्या हातात दिली असती." मी बरे म्हणाले व फोन ठेवला. मी थांबायचे ठरवले.

मार्चच्या सुरुवातीला त्यांचाच फोन आला. पतींच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास "बाळ स्टाउट" नावाची काळी बिअर बाजारात आणत आहोत, बाटलीवर पतींचा फोटो आहे, त्यानिमित्त चव घेऊन गुण देण्याचा कार्यक्रम ठेवला आहे, असे ते म्हणाले. "बाळचा सत्कार तुम्ही घ्यायचा हाय वहिनी. तुम्ही नाय आलात तर कार्यक्रमाला काय अर्थ." सोबत मोबाईलवर निमंत्रण पाठवले. त्यातल्या चित्रात काचेच्या पेटीत एक वही होती. पुठ्ठ्यावर सात हा आकडा दिसत होता. मी येते असे कळवले.

दि. १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी, दुपारी चार वाजता मी ब्रुअरीत पोहोचले. ब्रुअरीलगतच्या हॉलमध्ये साठ-पासष्ट माणसे होती. पुण्याचे, अलिबागचे, काही रोह्यातले. वाळंज यांनी मला साडी व नारळ दिला. फोटो काढले. बाटलीवर पतींचा चष्म्यातला फोटो होता, तो कंपनीच्या जुन्या ओळखपत्रावरचा आहे. मागच्या बाजूला छापले आहे : "सात वर्षांत एकही घोट न गिळता ज्याने आमची प्रत्येक टाकी पारखली, त्या जिभेला सलाम." मी ते दोनदा वाचले. मग त्यांच्याच काउंटरवरून दोन बाटल्या विकत घेतल्या व पावती घेतली. त्या बाटल्या व पावती मी आज जमा करत आहे.

चव घेण्यासाठी सर्वांना पाच काळ्या बिअर छोट्या ग्लासांतून व गुणांचे कार्ड दिले. कार्डावरचे रकाने पतींच्या वहीतलेच होते, फक्त "घेतले" व "थुंकले" नव्हते. मला वाळंज यांच्या शेजारी बसवले. मी पर्समधून पोह्यांची पुडी व एक रिकामा पेला काढला व पाचही बिअरना पद्धतीप्रमाणे गुण दिले. माझ्या समोर अलिबागच्या एका रिसॉर्टचे मालक होते. ते बाजूच्याला म्हणाले, "काकू घरून चखना घेऊन आल्यात, पक्क्या दिसतात." लोक हसले.

नंतर कार्डे मोठ्याने वाचण्यात आली. बाळ स्टाउटला बहुतेकांनी चाळीसच्या वर गुण दिले होते. माझे कार्ड वाळंज यांनी स्वतः घेतले आणि माइकवर वाचू लागले. रंग आठ, फेस दोन, वास तीन, चव चार, शेवट शून्य. एकूण सतरा.  रिसॉर्टचे मालक म्हणाले, "काकू, शाळेचा पेपर नाय हा. करा की पास."

मी म्हणाले, "नापास आहे. रंग चांगला आहे. पण धान्य जळलंय, आणि शेवटी आंबट येतं. टाकी नीट धुतलेली नाही."

वाळंज हसून माइकवर म्हणाले की, वहिनींनी एक घोट पोटात जाऊ दिला नाही, सगळी थुंकली, मग कसे कळणार. मी विचारले, "ते गिळायचे का?" ते लोकांकडे बघून म्हणाले, "बाळ? अहो, सात वर्षांत एक घोट नाय. आपन आग्रह करून दमलो. सन नाय, वाढदिवस नाय. मागे लेबलवर छापलंय बघा सगळ्यांनी." सगळ्यांनी बाटल्या फिरवून वाचले. कार्यक्रमाचे चित्रण त्यांचाच माणूस करत होता.

मग ते म्हणाले की, आता वहिनी बाळच्या वहीतले एक पान वाचतील. पेटीत वही मधल्या पानावर उघडी ठेवलेली होती; शेवटची पाने त्यांनी वाचली नसावीत. त्यांनी पेटी उघडून वही माझ्या हातात दिली. म्हणजे वही त्यांनी स्वतः, साठ माणसांसमोर, मला दिली. मी शेवटचे लिहिलेले पान काढले आणि माइकवर वाचले. त्यावरची शेवटची नोंद अशी आहे :

"१४ मार्च २०२३. सकाळी ११.१०. टाकी ३. काळी, लाल तांदूळ. रंग ९, फेस ४, वास ९, चव १३, शेवट ८, एकूण ४३. पाच नमुने. घेतले १५०, थुंकले १६१. शेवट लांब, भाजलेल्या तांदळाचा. पुढच्या वेळी कढई दोन मिनिटे आधी उतरवणे. आज टाकी धुणे. पंखा अजून बंद. मालकांना सांगितले, चौथी वेळ. म्हणाले, दोरी बांधून उतर, शनिवारी माल जायला हवा. काळुराम दोरी धरेल."

मी आवाज चढवला नाही. शेरा मी दोनदा वाचला, कारण मागच्या रांगेतल्या एका बाईंनी "काय म्हणाले मालक?" असे विचारले.

वाळंज यांनी माइक बंद केला व मला म्हणाले, "वहिनी, असं नाय करायचं. आपन घरातले." मी वही पर्समध्ये ठेवली. त्यांनी हात पुढे केला. मी म्हणाले, "ही ह्यांची सातवी वही आहे. सहा माझ्याकडे आहेत. तुम्हीच म्हणाला होतात, असती तर हातात दिली असती. आज दिलीत." मी साडी व नारळ खुर्चीवर ठेवला व निघाले. मला कोणी अडवले नाही. रिसॉर्टच्या मालकांनी दार उघडून धरले. 

सोमवार दि. १८ मार्च रोजी सकाळी दहाला वाळंज माझ्या घरी पेणला आले. चोरीचा अर्ज दिला आहे, वही परत दिली तर मागे घेतो, असे त्यांनी सांगितले. मी नाही म्हटले. ते म्हणाले, "तुम्ही शाळेतल्या बाई. पोलीस ठान्याची पायरी चढनार या वयात? नि बाळचं नाव उगाच चघळलं जाईल." मी म्हणाले, "वर्षभर चघळलं जातंय." मग ते म्हणाले की, फोटो असलेल्या सगळ्या बाटल्या दुकानांतून परत मागवतो, लेबल काढून टाकतो. मी त्यांना सांगितले, "एकही मागवू नका. जितक्या छापल्यात तितक्या विका. तुमच्या जबाबात ते नशेत होते आणि तुमच्या बाटलीवर ते गिळत नव्हते. जितक्या घरांत बाटली जाईल तितकी मला हवी आहे." ते उभे राहिले. चहा झाला होता, पण त्यांनी घेतला नाही. जाताना दारात म्हणाले, "मी त्याला मारलं असं तुम्हाला वाटतं काय?" मी म्हणाले, "तुम्ही काळुरामला हाक मारलीत." ते गाडीत बसून गेले.

तडजोड करायची आहे का असे विचारल्यावरून सांगते की, नाही. त्यांनी माफी मागितली तरी नाही. त्यांचे नुकसान व्हावे अशी माझी इच्छा आहे का, असेही विचारण्यात आले. होय. ती इच्छा मी लपवत नाही. पण त्यासाठी मी काहीही खोटे सांगितलेले नाही व सांगण्याची गरजही नाही.

मी आज पुढील वस्तू जमा करत आहे. वही क्रमांक एक ते सात. बाळ स्टाउटच्या दोन बाटल्या व पावती. माझ्या मोजणीची एक वही, ज्यात जुलै २०२३ पासूनच्या नोंदी आहेत. सातही वह्यांवर पतींचे नाव त्यांच्या अक्षरात आहे, त्यामुळे त्या ब्रुअरीच्या मालकीच्या नाहीत. तरी त्या मला परत मिळण्याची घाई नाही. प्रकरण जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत त्या जाव्यात. पोच मिळावी. काळुराम म्हात्रे यांचा जबाब आजच नोंदवावा, ते एक दिवसाची मजुरी सोडून आले आहेत. त्यांचे होईपर्यंत मी बाहेर थांबते.

आणखी सांगायचे आहे की, दि. १५ मार्च २०२३ रोजी मी दिलेला जबाब खोटा आहे. पती कामावर रोज प्यायचे असे मी सांगितले. मी ते कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला खरे सांगितले होते आणि मी ते मानले नव्हते. वाळंज यांनी जे लिहून दिले ते खोटे आहे हे त्यांना माहीत होते. मला माहीत नव्हते, पण माहीत करून घ्यायला मला सात वर्षे मिळाली होती. दोन्ही जबाब एकाच फाइलमध्ये आहेत व एकमेकांना धरून उभे आहेत. खोटा जबाब दिल्याबद्दल कारवाई होत असेल तर ती दोघांवर करावी. माझ्यावर आधी केली तरी हरकत नाही. माझा जबाब खोटा ठरला की त्यांच्या जबाबाला टेकायला काही उरत नाही.

हा जबाब संगणकावर लिहून घेऊन महिला हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या वेळी मी न ऐकता सही केली होती. या वेळी शब्दन् शब्द ऐकला आहे. तो मी सांगितला तसा आहे आणि खरा आहे.

समक्ष सही,
लतिका बाळकृष्ण फाटक